आनंदाचे गाणे की धोक्याची घंटा? चिली १९८८, आपले १९७७ आणि एका पत्रकाचा मथळा

कऱ्हाकाठ (धागाकर्ती)

आमच्या तालुक्याच्या गावात आम्ही दहाबारा जण मिळून मतदार नोंदणीचे काम करतो. कोणत्याही पक्षाशी आमचा संबंध नाही आणि तो येऊ नये याची आम्ही डोळ्यांत तेल घालून काळजी घेतो. नव्या मोहिमेसाठी पत्रक काढायचे ठरले आणि मथळ्यावरून गटात फूट पडायची वेळ आली. एका मसुद्यावर ‘लोकशाही धोक्यात आहे, जागे व्हा’ असे आहे आणि दुसऱ्यावर ‘गाव आपले, मत आपले’ असे आहे. पहिल्या मसुद्याच्या बाजूचे लोक दुसऱ्यांना भाबडे ठरवतात, तर दुसऱ्या बाजूचे म्हणतात की आधीच धास्तावलेल्या माणसाला आणखी धास्ती घालून तो घराबाहेर पडत नाही.

या वादात मला चिलीची गोष्ट आठवली, आणि ती नुसती आठवून भागणार नाही, नीट तपासावी लागेल असे वाटले, म्हणून हा धागा.

११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोशे आणि इतर सेनाप्रमुखांनी साल्वादोर आयेंदे यांचे निवडून आलेले सरकार उलथवले. पुढे १९८० मध्ये त्याच राजवटीने राज्यघटना बनवली आणि आठ वर्षांनी जनतेला एकच प्रश्न विचारला जाईल अशी तरतूद तिच्यात ठेवली : पिनोशे यांना आणखी आठ वर्षे हवीत का, ‘हो’ की ‘नाही’? कौलाची तारीख होती ५ ऑक्टोबर १९८८. त्याआधी २७ दिवस, रात्री उशिरा, दोन्ही बाजूंना दूरचित्रवाणीवर रोज पंधरा-पंधरा मिनिटे देण्यात आली. पंधरा वर्षांत विरोधकांना पडद्यावर रोज मिळालेली ही पहिली मोकळी जागा होती.

आता विचार करा की या पंधरा मिनिटांत तुम्ही काय दाखवले असते. हजारो माणसे मारली गेली होती किंवा बेपत्ता होती, लाखो परागंदा झाली होती. मी तरी रोज रात्री त्यांचे फोटो दाखवले असते. विरोधी आघाडीतल्या अनेकांनाही तसेच वाटत होते. परंतु त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनी लोकांशी बोलून जे ताडले होते ते वेगळे होते. कुंपणावर बसलेल्या मतदाराला राजवट क्रूर आहे हे नव्याने सांगण्याची गरज नव्हती. त्याला ते पक्के माहीत होते, आणि म्हणूनच तो गप्प होता. त्याला मत दिल्याचे कुणाला कळेल का याची भीती होती, आणि ‘नाही’ जिंकले तर पुन्हा गोंधळ, रांगा आणि टंचाई येईल याचीही भीती होती. ही दुसरी भीती सरकारी बाजू रोज रात्री पोसत होती.

म्हणून ‘नाही’च्या बाजूने इंद्रधनुष्याचे चिन्ह घेतले आणि ‘चिली, आनंद येतोच आहे’ अशा अर्थाचे एक गाणे केले, जे पुढे शाळकरी पोरेही गुणगुणू लागली. निवेदक होते पात्रिसिओ बान्यादोस, ज्यांचा चेहरा राजवटीने अनेक वर्षे पडद्यावरून दूर ठेवला होता. निकाल सर्वांना ठाऊक आहे : ‘नाही’ सुमारे ५६ टक्के, ‘हो’ सुमारे ४४ टक्के.

माझा प्रश्न असा की हे यश आनंदाच्या सुराचे होते, की आपण सोयीस्कर तेवढीच गोष्ट सांगतो?

जुनाजाणता

ताई, तुम्ही सोयीस्कर तेवढेच सांगता असे मी म्हणणार नाही, पण आपल्याकडचे उदाहरण सोडून सातासमुद्रापार जायचे कारण काय? १९७७ साली मी बावीस वर्षांचा होतो आणि साताऱ्यात होतो.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली. त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले ज्येष्ठ मंत्री. त्या मांडवात दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याविषयी जे बोलायचे ते बोलून दाखवले आणि तुरुंगात असताना प्रकृती ढासळलेल्या जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांनाही अटक झाली. मी मांडवात मागे उभा होतो. तिथे आनंद नव्हता आणि मला तरी भीतीही जाणवली नाही. शरम वाटली, कारण एक बाई बोलत होती आणि आम्ही हजारो जण इतके दिवस गप्प होतो. प्रचाराच्या तुमच्या दोन खणांत ही शरम कुठे बसते ते मला सांगा.

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणूक जाहीर झाली आणि जेमतेम दोन महिन्यांत मतदान झाले. जनता पक्षाच्या जाहीरनाम्यात भाकरी आणि स्वातंत्र्य ही जोडी होती, पण सभांमधून लोकांच्या मनात उतरला तो ‘लोकशाही की हुकूमशाही’ हा सवाल. ही सरळ सरळ धोक्याची घंटा होती आणि ती लोकांनी ऐकली. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. तिकडे नसबंदीचा वरवंटा फिरला होता. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्या माणसांना कुणी आनंदाचे गाणे ऐकवले असते तर त्यांनी त्याला गावाबाहेर काढले असते.

वेताळटेकडी

काका, तुमच्याच उदाहरणाची दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये. त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशात काँग्रेसने ४२ पैकी ४१ आणि कर्नाटकात २८ पैकी २६ जागा जिंकल्या. आपल्या महाराष्ट्रातही ४८ पैकी २० जागा घेऊन तोच सर्वांत मोठा पक्ष ठरला. लोकशाही तर सगळीकडे सारखीच धोक्यात होती. सेन्सॉर मद्रासलाही होता आणि मुंबईलाही होता. घंटा एकच होती, पण जिथे तिचा आवाज लोकांच्या स्वतःच्या अंगावरच्या घावाशी जुळला तिथेच ती ऐकू आली. ‘लोकशाही’ या भाववाचक नामासाठी घाबरणारे लोक थोडे असतात आणि ते बहुधा आधीच आपल्या बाजूचे असतात.

भीतीच्या आवाहनांवर आरोग्यसंवादाच्या क्षेत्रात बराच अभ्यास झालेला आहे. किम विट यांनी १९९२ मध्ये मांडलेली चौकट मला इथे उपयोगी वाटते. धोका मोठा आहे असे सांगितल्यावर माणूस लगेच मनात दुसरा हिशेब करतो : यावर मला काही करता येण्यासारखे आहे का, आणि केले तर त्याचा उपयोग होईल का? उत्तर ‘हो’ असेल तर तो धोक्याला भिडतो. उत्तर ‘नाही’ असेल तर तो धोक्याला सोडून स्वतःच्या भीतीलाच आवर घालायला लागतो, म्हणजे बातम्या बंद करतो, चेष्टा करतो, ‘सगळे सारखेच’ म्हणतो. आपल्या आसपास ‘सगळे सारखेच’ म्हणणारी माणसे किती आहेत ते मोजून पाहा. ती बेफिकीर आहेत असे आपण समजतो, पण त्यांतली पुष्कळशी घाबरून दमलेली असतात असे मला वाटते.

फटकळ

आनंद विकणारे जाहिरातवाले आले की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. साबण विकायच्या तंत्राने लोकशाही विकली की ती साबणासारखीच विरघळते. चिलीत ‘आनंद येतोच आहे’ म्हणून मते घेतली, आणि पुढे काय झाले ते धाग्यात का नाही? पिनोशे १९९८ पर्यंत लष्करप्रमुख राहिले आणि त्यानंतर तहहयात सिनेटर झाले. घटना त्यांचीच राहिली. ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागोच्या मेट्रोचे भाडे ३० पेसोंनी वाढले तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या तरुणांची घोषणा होती की प्रश्न ३० पेसोंचा नाही, ३० वर्षांचा आहे. आनंदाचे वचन देणे सोपे असते. फेडायला ते भयंकर महाग पडते.

सिंधुसागर

मी नोकरीनिमित्त काही वर्षे तुर्कस्तानात, इस्तंबूलला होतो, म्हणून तिथले सांगतो. या विषयात ते चिलीइतकेच महत्त्वाचे आहे आणि त्याचा शेवट गोड नाही.

३१ मार्च २०१९ च्या महापौर निवडणुकीत विरोधी पक्षाचे एक्रेम इमामोग्लू सुमारे १३ हजार मतांनी जिंकले. ६ मे रोजी निवडणूक मंडळाने निकाल रद्द केला आणि फेरनिवडणूक लावली. दीड कोटीच्या शहरात लोकांचे मत कागदी कारणांवरून पुसले गेले होते, तेव्हा संतापाला पुरेपूर जागा होती. पण प्रचार चालला तो एका शाळकरी मुलाने प्रचाराच्या बसशेजारून धावताना ओरडून म्हटलेल्या वाक्यावर : ‘सगळे फार छान होईल.’ त्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना एक पुस्तिका दिलेली होती आणि तिचे सार दोन सूचनांत होते. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्याकडे दुर्लक्ष करा, आणि एर्दोआन यांच्यावर प्रेम करणाऱ्यांवर प्रेम करा. २३ जूनला १३ हजारांचे मताधिक्य ८ लाखांच्या घरात गेले.

दुसरी सूचना वाचायला गुळगुळीत वाटते, पण तिच्यात रोकडा व्यवहार आहे. दुभंगलेल्या समाजात ‘तुमचा नेता हुकूमशहा आहे’ हे वाक्य त्या नेत्याच्या मतदाराला ‘तू मूर्ख आहेस किंवा पापी आहेस’ असे ऐकू येते, आणि तो आणखी घट्ट चिकटतो. चिलीतही ४४ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले होते हे कऱ्हाकाठताईंनी दिले आहे. ते लोक दुसऱ्या दिवशी त्याच बसमध्ये, त्याच बेकरीत भेटणार होते.

आता शेवट. २०२३ च्या अध्यक्षीय निवडणुकीत विरोधी उमेदवार कमाल किलिचदारोग्लू यांनी हाच सूर लावला. घरातल्या साध्या स्वयंपाकघरात बसून केलेली चित्रणे, हातांनी केलेली हृदयाची खूण, वसंत ऋतू येण्याचे वचन. पहिल्या फेरीत मागे पडताच दोन आठवड्यांत सूर बदलला आणि निर्वासितांना परत पाठवण्याची कठोर भाषा आली. ते सुमारे ४८ टक्क्यांवर हरले. पराभवाची कारणे अनेक आहेत, सूर हे त्यांतले एकच. पण काल प्रेमाने बोलणारा माणूस आज भीती दाखवतो तेव्हा ऐकणाऱ्याला कालचे बोलणेही खोटे वाटू लागते एवढे मी तिथे चहाच्या टपऱ्यांवर ऐकले. आणि मार्च २०२५ मध्ये इमामोग्लू यांनाच तुरुंगात टाकण्यात आले. तेव्हा छान काहीच झालेले नाही.

हडसनकाठ

अमेरिकेतून लिहीत आहे, म्हणून थोडक्यात. २०२४ मध्ये इथे एकाच उमेदवाराने दोन्ही सूर तीन महिन्यांत वापरले. ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या हॅरिस-वॉल्झ जोडीच्या सभांतून ‘आनंद’ हा शब्द सारखा येत होता, ऑक्टोबरमध्ये त्याच व्यासपीठांवरून हुकूमशाहीचा इशारा येऊ लागला. मी दोन्ही ऐकले आणि घरोघरी फिरून दारेही ठोठावली. दार उघडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दोन्हींतले काहीच विचारले नाही. अंड्यांचा भाव विचारला.

मॅथ्यू ग्रॅहम आणि मिलान स्वोलिक या राज्यशास्त्रज्ञांचे २०२० चे संशोधन याच ठिकाणी बोट ठेवते. लोकशाहीविरोधी वागणुकीसाठी आपल्याच पक्षाच्या उमेदवाराला शिक्षा करायला तयार असलेले अमेरिकी मतदार त्यांना जेमतेम साडेतीन टक्के आढळले. दुभंग जितका खोल, तितकी ही तयारी कमी. म्हणजे ‘लोकशाही धोक्यात’ हे ऐकून पक्ष बदलणारा माणूस जवळजवळ नाहीच. त्यामुळे मथळ्यावरचा आपला वाद कदाचित चुकीच्या वाचकासाठी चालला आहे.

कऱ्हाकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे वाचून दोन दिवस पुन्हा चिलीवर बसले. फटकळ यांचा राग मला मान्य आहे आणि मी पहिल्या प्रतिसादात जे गाळले होते ते आता लिहिते, कारण तेच अधिक महत्त्वाचे आहे असे दिसते.

एक तर ती पंधरा मिनिटे नुसती आनंदाची नव्हतीच. क्वेका हे तिथले जोडीने नाचायचे लोकनृत्य आहे. बेपत्ता झालेल्यांच्या बायका पडद्यावर आल्या आणि एकट्या नाचल्या, समोरच्या जोडीदाराची जागा रिकामी ठेवून. आणखी एका रात्री एक वयस्क बाई शांतपणे सांगतात की त्यांना घरातून पळवून नेऊन छळले गेले. मग शेजारी येऊन बसतो तो त्यांचा मुलगा, देशाचा लाडका फुटबॉलपटू कार्लोस कासेली, आणि तो म्हणतो की ही माझी आई आहे. एका न्यायाधीशाची छळाविषयीची साक्ष असलेला भाग तर सरकारने रोखला. म्हणजे दुःखाला जागा होती, पण ते दुःख प्रेक्षकाला घाबरवण्यासाठी वापरलेले नव्हते. रिकाम्या जागेभोवती नाचणारी बाई पाहून माणसाला लपून बसावेसे वाटत नाही, तिच्या शेजारी जाऊन उभे राहावेसे वाटते. जुनाजाणता काका, तुमची कऱ्हाडची शरम मला इथे बसते असे वाटते.

दुसरे म्हणजे रागालाही जागा होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरोधी नेते रिकार्दो लागोस यांनी दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात कॅमेऱ्याकडे बोट रोखून थेट पिनोशे यांना सुनावले. देशाने श्वास रोखला होता. आणि दुसऱ्या दिवशी लागोस जिवंत होते, मोकळे होते. ‘बोलले तरी चालते’ हे लोकांना भाषणाने कळले नसते, ते या दृश्याने कळले.

तिसरी गोष्ट गाण्यात येत नाही, म्हणून गोष्टीतूनही गळते. फेब्रुवारी १९८७ मध्ये मतदार याद्या पुन्हा उघडल्या तेव्हा नोंदणीच शून्यातून करायची होती, आणि हुकूमशहाच्या यादीत आपले नाव घालायला लोक कचरत होते. कार्यकर्ते घरोघरी गेले आणि मत गुप्त राहते म्हणजे नेमके कसे राहते ते सांगत राहिले. मतदानाच्या दिवसापर्यंत ७४ लाखांहून अधिक नावे नोंदली गेली आणि त्यांतल्या ७२ लाखांहून अधिक लोकांनी मत दिले. शिवाय विरोधकांनी मतमोजणीची स्वतःची समांतर व्यवस्था उभारली होती. मतदान केंद्रावरचा आकडा त्यांच्या माणसाकडून त्यांच्या संगणकापर्यंत जात होता. त्या रात्री सरकारी निकाल रेंगाळू लागले. मध्यरात्रीनंतर हवाई दलाचे प्रमुख फेर्नांदो मातेई राष्ट्रपती भवनात बैठकीसाठी शिरताना पत्रकारांना सांगून गेले की ‘नाही’ जिंकले आहे हे आपल्याला पुरेसे स्पष्ट झाले आहे. दुसरा आकडा अस्तित्वात नसता, तर पहिला आकडा बदलणे किती सोपे झाले असते!

वेताळटेकडी यांनी सांगितलेल्या हिशेबातला ‘उपयोग होईल का’ हा प्रश्न गाण्याने सुटला नव्हता. तो नोंदणीने आणि मोजणीने सुटला होता, आणि मग गाणे खरे वाटले. सिंधुसागर, तुमच्या दोन्ही निवडणुकांत सूर जवळपास एकच होता. २०१९ मध्ये त्या सुराला शेवटपर्यंत कुणी सोडले नाही, आणि एकदा जिंकलेले मत हातात होते. २०२३ मध्ये तो दोन आठवड्यांत टाकून दिला गेला.

फटकळ

हे मान्य. पण ३० वर्षांचे काय, त्याचे उत्तर आलेले नाही.

कऱ्हाकाठ (धागाकर्ती)

नाही आलेले, आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आघाडीचे पात्रिसिओ आयल्विन डिसेंबर १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, १९९१ मध्ये मृतांची आणि बेपत्तांची अधिकृत नोंद करणारा अहवाल आला. जाचक घटना मात्र दुरुस्त्यांपुरतीच बदलली. ‘आनंद’ या शब्दात पेन्शनही होती, शिक्षणही होते आणि न्यायही होता. प्रत्येकाने आपला अर्थ भरला. म्हणून तर सतरा पक्षांची आघाडी त्याखाली मावली आणि म्हणूनच पुढे प्रत्येकाची फसवणूक झाल्यासारखे झाले. ज्या शब्दात सगळे मावते त्याची वसुली करता येत नाही.

जुनाजाणता

याला आपल्याकडचा दाखला आहेच. जनता पक्षाला २९५ जागा मिळाल्या, आणि तीन वर्षांच्या आत सगळे विस्कटून १९८० मध्ये इंदिराबाई ३५३ जागा घेऊन परत आल्या. आम्ही हुकूमशाही नको म्हणून मत दिले होते. नको ते गेल्यावर हवे काय, हे आम्हाला कुणी विचारले नव्हते आणि आम्हीही कुणाला विचारले नव्हते. एवढ्यापुरता तुमच्या ‘नुसती घंटा पुरत नाही’ या मताशी मी सहमत होतो.

मात्र एक राहिले. पु. ल. देशपांडे तेव्हा प्रचाराला उतरले होते. त्यांची एक सभा मी ऐकली. एकोणीस महिने ज्या विषयावर आम्ही घरातही आवाज खाली आणून बोलत होतो, त्यावर हजारो माणसे उघड्यावर एकत्र हसत होती. सभा संपल्यावर लोक पांगेनात. मला आठवते ते भाषण नाही, शेजारचा अनोळखी माणूस माझ्या पाठीवर थाप मारून हसत होता ते आठवते. तुमच्या चिलीच्या गाण्याचे काम आमच्याकडे त्या हसण्याने केले असावे. पत्रकात हसू छापता येत नाही, ही अडचण तुमची तुम्ही सोडवा.

हडसनकाठ

काकांच्या प्रतिसादाला अनुमोदन. पत्रकाचे शेवटी काय ठरले ते कळवावे.

कऱ्हाकाठ (धागाकर्ती)

काल रात्री बैठक झाली. दोन्ही मथळे गेले. ‘लोकशाही’ हा शब्द पत्रकात आता एकदाच येतो, तोही तळाच्या ओळीत, आणि त्यावरूनही अर्धा तास गेला.

वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘तुमचे नाव यादीत आहे का? या, मिळून पाहू’ असे छापत आहोत. खाली नाव नसेल तर नमुना ६ कसा भरायचा ते, आणि मत गुप्त कसे राहते यावर चार सोप्या ओळी. मागच्या बाजूला मतदान संपल्यावर प्रत्येक केंद्रावर किती मते पडली याचा हिशेब नमुना १७सी मध्ये भरला जातो आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते, ही माहिती. आमच्यातल्या कुणालाही, म्हणजे मलासुद्धा, ती गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हती.

मतदार यादी पाहण्याचा कार्यक्रम आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामदेवतेच्या पारावर होणार आहे. यादी मोठ्याने वाचायची नाही, ज्याने त्याने आपले नाव स्वतः शोधायचे, असे ठरले आहे. घंटावाल्या मसुद्याचे लेखक चहाचा खर्च करायला तयार झाले आहेत. हसण्याची सोय म्हणून आमच्या गावातला सोंगी भजनाचा फड बोलावला आहे. त्यांनी कुणाचे सोंग काढायचे नाही याची यादी मात्र आम्हाला अजून करायची आहे, आणि तिथे पुन्हा वाद होईल असा रंग दिसतो.